वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरतच राहतं, थांबत नाही. बोर्ड बदलावाच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की मशीन टॉप लोड आहे, पाणी ठरलेल्या लेव्हलला न थांबता काठापर्यंत चढतं, आणि मिस्तरीने काही न उघडताच ‘बोर्ड गेलाय’, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलंय, म्हणून सांगितलं. लगेच होकार देऊ नका. मी मशीन दुरुस्तीचंच काम करतो. या तक्रारीत बोर्डापेक्षा पाणी आत सोडणारा व्हॉल्व किंवा लेव्हल कळवणारी बारीक नळी बिघडलेली असणं मी कितीतरी जास्त वेळा पाहिलंय. बोर्डाला हजारांत पैसे जातात, व्हॉल्व शेकड्यांत येतो आणि नळीचं काम कधीकधी नुसत्या साफसफाईवर भागतं.

घरच्या घरी एक तपासणी करा. पाणी भरत असताना भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा, नळ मात्र चालूच ठेवा. फरशी ओली असेल तर प्लगला हात लावण्याआधी एमसीबी (मीटरजवळच्या पेटीतला स्विच) पाडा. आता टबमध्ये बघा. वीज नसतानाही धार चालूच असेल, तर बोर्डाचा काही संबंध उरला नाही, कारण व्हॉल्व वीज मिळाली तरच उघडतो. वीज गेल्यावरही पाणी येतंय म्हणजे तो आतून नीट मिटत नाहीये. रात्रभर बंद ठेवलेल्या मशीनच्या टबात सकाळी पाणी साचलेलं दिसत असेल, तर तेही याचंच लक्षण.

व्हॉल्व का मिटत नाही? त्याच्या आत रबराचा पडदा असतो. वीज बंद झाली की नळाचं पाणी पडद्यातल्या अगदी बारीक भोकातून त्याच्या वर जातं, आणि त्या पाण्याच्याच दाबाने पडदा खाली बसून वाट बंद करतो. म्हणून दोन गोष्टी त्याला नडतात. एक म्हणजे गाळ आणि क्षार. बोअरचं पाणी असेल, किंवा नुकतीच गच्चीवरची टाकी धुतली असेल, तर वाळूचा एक कणही पुरतो. मशीन हळू भरतं म्हणून इनलेटची (नळाचा पाइप मशीनला जोडतो तिथली) जाळीच काढून टाकलेली मी पुष्कळ घरांत पाहतो. कृपा करून तसं करू नका. जाळी पकडीने ओढून काढा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा आणि परत बसवा.

दुसरी गोष्ट कमी दाब. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार दाब मागितलेला असतो, म्हणजे नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत साधारण ३ मीटर उंची. तुम्ही वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी डोक्यावरच असेल, तर पडद्याला बसायला पुरेसा जोर मिळत नाही आणि पाणी झिरपत राहतं. तिथे नवा व्हॉल्व बसवूनही तीच रड. मशीनच्या लाइनला छोटा प्रेशर पंप लावणं हाच खरा उपाय. दाब ठीक असेल तर व्हॉल्व सरळ बदला. तो उघडून साफ करण्यात अर्थ नाही, पुन्हा गळतो.

प्लग काढल्यावर धार थांबली, तर व्हॉल्व ठीक आहे. आता टब पूर्ण रिकामा करा, प्लग लावा, पॉवरचं बटण दाबा, पण स्टार्ट दाबू नका. तरीही पाणी सुरू झालं, तर मात्र तुमचा मिस्तरी बरोबर आहे. बोर्डावरचा व्हॉल्वला वीज देणारा ट्रायक (छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असतो. बोर्ड दुरुस्त करणारे तेवढा भाग बदलून देतात, पण ओलावा लागू नये म्हणून बऱ्याच बोर्डांवर रबरासारखा लेप ओतलेला असतो, तो खरवडायला वेळ जातो.

पाणी स्टार्ट दाबल्यावरच आलं आणि मग थांबलं नाही, तर लेव्हलची नळी तपासायची. टबच्या तळाशी एक छोटी हवेची पोकळी असते. तिथून पेन्सिलीएवढी नळी वर पॅनेलमधल्या प्रेशर सेन्सरला जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, त्यावरून मशीनला लेव्हल कळते. दाब अगदी थोडा असतो, १० सेंटिमीटर पाण्याला ०.०१ बारच्या आसपास. त्यामुळे पोकळीच्या तोंडाशी साबणाचा चिकटा जमला, नळी निसटली किंवा उंदराने कुरतडली, की सेन्सरला टब रिकामाच वाटतो. ड्राय बाल्कनीत ठेवलेल्या मशीनमध्ये उंदरांचा हा उद्योग फार चालतो. सुईएवढं भोक असेल तर वेगळाच प्रकार दिसतो: पाणी बरोबर थांबतं आणि हवा हळूहळू सुटली की पुन्हा सुरू होतं.

प्लग काढून, नळीचं वरचं टोक सेन्सरवरून सोडवा आणि टबच्या दिशेने फुंका. सेन्सरमध्ये जोरात फुंकू नका, आतला पडदा फाटतो. आणि नळी परत जोडताना टबमध्ये थेंबभरही पाणी नको. भरलेल्या टबात जोडली तर त्या पाण्यालाच सेन्सर शून्य समजतो आणि मशीन पुन्हा ओसंडतं. ही गोष्ट अनुभवी माणसंही घाईत विसरतात. नळी स्वच्छ आणि अखंड असेल, तर सेन्सर बदला.

हा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मशीनमध्ये पाणी येत राहतं पण टब भरतच नाही, त्यांनी ड्रेन पाइपचं टोक बघावं. भरत असतानाच मोरीत पाणी जात असेल, तर ड्रेन व्हॉल्वमध्ये नाणं, बटण नाहीतर नाडीचा तुकडा अडकलाय. फ्रंट लोडला ड्रेन पाइप फार खाली सोडला, तरी पाणी आपोआप ओढलं जातं. तुमचा टब काठोकाठ भरतोय, म्हणून तुम्हाला यात पडायची गरज नाही.

मिस्तरीला पुन्हा बोलवाल तेव्हा वरच्या दोन्ही तपासण्या त्याच्यासमोर करून दाखवा, आणि जो भाग बदलेल तो जुना भाग मागून घ्या. काम होईपर्यंत मशीनचा नळ बंद ठेवा.