तुटलेला क्रँककेस आधी ताब्यात घ्या

प्रश्न : मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. बाबांच्या नावावरची १९९४ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल क्रँकचं बेअरिंग आणि ऑइल सील बदलायला गॅरेजमध्ये दिली. मजुरी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरली होती. मेकॅनिकने क्रँककेसच्या (क्रँकभोवतीच्या, दोन अर्ध्यांच्या कवचाच्या) जोडात स्क्रू ड्रायव्हर ठोकून तो उघडला. जोडाच्या कडेला खोल खाचा पडल्या, बोल्ट बसतो तो एक कान तुटला. आता म्हणतो, केस जुनाच होता, भंगारातला बसवून देतो. वर जास्तीचे पैसे मागतो आणि ते दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. पोलिसांत जाऊ का?

उत्तर : पोलिसांत जायची घाई नको. निष्काळजीपणा हा विश्वासघाताचा गुन्हा होत नाही, त्याला अप्रामाणिक हेतू लागतो. त्याने तुमचे भाग विकले किंवा बदलले तर मात्र गोष्ट वेगळी.

भंगारातला केस कोणत्याही परिस्थितीत बसवू देऊ नका. इंजिन नंबर क्रँककेसवरच कोरलेला असतो. दुसऱ्या गाडीचा केस बसला की आरसी बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. इतक्या जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि तेव्हा हे उघडं पडेलच. तो केस चोरीच्या गाडीचा निघाला तर जाब बाबांना द्यावा लागेल. दुसरा केस घेणं भागच पडलं तर पक्कं बिल घ्या, आधी आरटीओत अर्ज करा आणि नंबर असलेला मूळ भाग जपून ठेवा.

तो भाग तुमचा पुरावाही आहे. आजच गॅरेजमध्ये जा आणि केस पेट्रोलने धुण्याआधी, कानस फिरवण्याआधी जवळून फोटो काढा. अ‍ॅल्युमिनियमची ताजी खाच चकचकीत दिसते. तुटलेल्या कानाचं तोंड उजळ, दाणेदार असेल तर तो आत्ता तुटला; जुनी चीर तेलाने काळवंडलेली असते. ‘केस जुनाच होता’ याला याहून चांगलं उत्तर नाही. मग दुसऱ्या जाणत्या मेकॅनिककडून लेखी मत घ्या. तुमच्या गाडीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच दाबलं जातं. जोडातून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणजे ती खाच नुसता ओरखडा नाही, हे त्या मतात स्पष्ट लिहून घ्या. पुढे तक्रार ग्राहक आयोगात जाईल; तिथल्या सदस्यांनी कधी इंजिन उघडलेलं नसतं, त्यांना हे कागदावरच कळणार.

गाडी अडवण्याबद्दल. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे ठरलेलं काम नीट केलेल्या कारागिराला मजुरीपुरती वस्तू रोखून ठेवता येते. बिघडवलेल्या कामाचे जास्तीचे पैसे त्यात बसत नाहीत. उलट कलम १५१ प्रमाणे सोपवलेली वस्तू साधारण शहाण्या माणसाने स्वतःची जपावी तशी जपणं हे त्याचं कर्तव्य होतं. जोड घट्ट होता, तर पुलर (भाग ओढून वेगळे करायचं अवजार) वापरायचा किंवा थांबून तुम्हाला फोन करायचा. तुम्ही लेखी नोटीस द्या : मूळ केसच्या दोन्ही अर्ध्यांसह गाडी परत करा आणि नुकसान भरा. तरीही तो अडला, तर खरोखर झालेल्या कामापुरती रक्कम ‘हक्क राखून’ असं लिहून ऑनलाइन द्या आणि गाडी सोडवा. न्यायाच्या दृष्टीने हे मला पटत नाही, पण सुटे भाग त्याच्याकडे पडून राहिले तर पुरावाच हरवेल.

त्यानंतर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात ‘सेवेतील त्रुटी’ची तक्रार करा. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. कामाचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, अर्ज हिंदीत चालतो. काम तुम्ही सांगितलं, गाडी बाबांची, म्हणून तक्रारदार दोघेही व्हा. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांना भारतीय साक्ष अधिनियम २०२३च्या कलम ६३चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं) प्रमाणपत्र जोडा आणि खटला संपेपर्यंत तो फोन विकू नका.