उंच इमारत, ‘स्क्रॅपर’चा उच्चार आणि पाणिनीचा ‘अभ्रंकष’

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या तयारीला लागलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. बोलण्याच्या चाचणीचा सराव करताना तिच्यापुढे जे कार्ड आले, त्यावर ‘तुमच्या शहरातील, तुम्हांला आवडणाऱ्या किंवा न आवडणाऱ्या एखाद्या उंच इमारतीचे वर्णन करा’ असा विषय होता. तिची विचारणा दुहेरी आहे. अशा इमारतीला ‘टॉल’ म्हणावे की ‘हाय’, हा तिचा पहिला प्रश्न. आणि आपला ‘गगनचुंबी’ हा शब्द म्हणजे ‘स्कायस्क्रेपर’चे भाषांतर आहे, असे शिकवणीच्या वर्गात सांगितले गेले, ते खरे काय, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. मराठीतला ‘उंच’ माणसाला, माडाला, डोंगराला आणि छताला सारखाच चालतो, म्हणून आपली गफलत होते. जी वस्तू जमिनीवर उभी असते आणि रुंदीच्या मानाने जिची उभी वाढ डोळ्यांत भरते, ती ‘टॉल’ : माणूस, झाड, धुराडे, इमारत. जी वस्तू जमिनीपासून वर, दूर असते किंवा जिचा पसाराही उंचीइतकाच मोठा असतो, ती ‘हाय’ : छत, फळी, खिडकी, भिंत, कळसूबाईचे शिखर. आकडा सांगताना इमारतीला दोन्ही विशेषणे चालतात. ‘हाय-राइज’ हा जोडशब्दही निर्दोष आहे. पण नुसते ‘हाय बिल्डिंग’ कानाला खटकते, म्हणून ते टाळावे. ‘पन्नास मजली इमारत’ म्हणताना आपण ‘मजली’ हे विशेषण करतो, तसेच इंग्रजीतही ‘फिफ्टी-स्टोरी बिल्डिंग’ असे एकवचनी विशेषण होते. ‘फिफ्टी फ्लोअर्स बिल्डिंग’ हे चुकीचे आहे.

मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. मागच्या महिन्यात शेजारच्या मुलाची सरावाची मुलाखत ऐकत होतो. दोन मिनिटांत त्याने तीन वेळा ‘स्कायस्क्रॅपर’ असा उच्चार केला आणि त्याची उजळणी घेणाऱ्या शिक्षकांनीही तोच उच्चार पुढे चालवला. हा उच्चार मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. बातमीदारांच्या तोंडी, बांधकामाच्या जाहिरातींत, घरांच्या प्रदर्शनांत. आपल्याला भंगाराचा ‘स्क्रॅप’ परिचयाचा असल्यामुळे जीभ तिकडे वळते, हे मला समजते. परंतु ‘स्क्रॅपर’ म्हणजे भंगारात काढणारा किंवा भांडखोर, आणि ‘स्क्रेपर’ म्हणजे खरवडणारा. इंग्रजी अक्षरयोजनेत एकाच ‘पी’चा फरक आहे आणि त्या एका अक्षरापायी आभाळ खरवडणारी इमारत आभाळाचे भंगार करणारी होऊन बसते. या चाचणीत ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार असे चार निकष असतात. तेव्हा ज्या शब्दावर सारे वर्णन उभे करायचे, तो तरी नीट उच्चारावा. (वरच्या वाक्यातला ‘निकष’ हा शब्द ध्यानात ठेवावा, त्याच्याकडे परत यायचे आहे.)

इंग्रजांनी हा शब्द इमारतीसाठी घडवलेलाच नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस जहाजाच्या डोलकाठीवर अगदी टोकाला लावायच्या लहान त्रिकोणी शिडाला ‘स्कायस्क्रेपर’ म्हणत. 1789 साली इंग्लंडमधली डर्बी शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचे नाव ‘स्कायस्क्रेपर’ होते. पुढे उंच घोडा, उंच माणूस, उंच टोपी असे करत करत हा शब्द 1880 च्या दशकात अमेरिकेतल्या इमारतींवर जाऊन बसला. शिकागोत 1885 साली उभी राहिलेली, लोखंडी व पोलादी सांगाड्याची होम इन्शुरन्स बिल्डिंग पुष्कळ जण पहिली स्कायस्क्रेपर मानतात; तिला आरंभी अवघे दहा मजले होते.

आता ‘गगनचुंबी’. हा इंग्रजीचा तर्जुमा आहे, असे जे ठामपणे सांगतात, त्यांनी दोन्ही शब्द शेजारी ठेवून एकदाही पाहिलेले नसावेत. स्क्रेपर खरवडतो, चुंबी चुंबन घेतो. भाषांतर असते, तर क्रियापद बदलले नसते. खरे भाषांतर कसे दिसते, ते पाहायचे असेल, तर फ्रेंचांचा ‘ग्रात-सिएल’ पाहावा, स्पॅनिश ‘रास्कासिएलोस’ पाहावा, रशियन ‘निबास्क्र्योब’ पाहावा. तिन्हींत आभाळ आहे आणि तिन्हींत ओरखडा आहे. आपल्याकडे शिखराने आभाळाला भिडण्याची कल्पना शिकागोच्या फार आधीची आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाला ‘नभःस्पृशम्’ म्हटले आहे. मेघदूताच्या उत्तरमेघातील पहिल्याच श्लोकात अलकानगरीतले प्रासाद ‘अभ्रंलिहाग्र’ आहेत, म्हणजे त्यांची टोके ढगांना चाटतात. (‘लिह्’ म्हणजे चाटणे, च्यवनप्राशासारख्या चाटणाला ‘अवलेह’ म्हणतात, तो याच धातूवरून.) स्पर्श झाला, चाटणे झाले, त्याच ओळीत चुंबनही आले. यासाठी इंग्रजांच्या दारात जाण्याची गरज नव्हती.

पण माझा जीव ज्याच्यात अडकला आहे, तो शब्द वेगळाच आहे. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’ या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात बेचाळिसावे सूत्र आहे : ‘सर्वकूलाभ्रकरीषेषु कषः’. सर्व, कूल, अभ्र आणि करीष हे शब्द आधी असताना ‘कष्’ धातूला प्रत्यय लागून जे शब्द बनतात, त्यांच्याविषयीचे हे सूत्र आहे. ‘कष्’ म्हणजे घासणे, खरवडणे. काठ खरवडत जाणारी नदी ती ‘कूलंकषा’. शेणाच्या गोवऱ्या खरवडून उडवणारी वावटळ ती ‘करीषंकषा’. आणि ढगांना घासणारा पर्वत तो ‘अभ्रंकष’. ढग खरवडणारा! जर्मन भाषेत गगनचुंबी इमारतीला ‘वोल्कनक्राट्सर’ म्हणतात, त्याचाही अर्थ अक्षरशः ढग खरवडणारा असाच आहे. शिडावरून, घोड्यावरून आणि शिकागोवरून फिरत जो अर्थ युरोपात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पोहोचला, त्याचा नेमका शब्द पाणिनीच्या सूत्रात बांधून ठेवलेला होता, आणि आपण मात्र तो मराठीत आणला नाही.

या चौघांपैकी मराठीत रोजच्या वापरात राहिला तो एकटा ‘सर्वंकष’. ‘सर्वंकष अभ्यास’, ‘सर्वंकष धोरण’ असे आपण लिहितो, तेव्हा काहीही न सोडता सगळे घासून जाणारा, हा मूळचा अर्थ मनात नसतो. आणि या कुळाचा विस्तार तिथेच थांबत नाही. सोने ज्या काळ्या दगडावर घासून पाहायचे, तो ‘कष’ किंवा ‘निकष’. त्या दगडाची पट्टी ती ‘कषपट्टिका’, आणि झिजत झिजत तिची झाली ‘कसोटी’. सोन्याचा ‘कस’ तोच. सराफाने अंगठी दगडावर एकदा ओढावी, मागे पिवळी रेघ उमटावी आणि त्याने ती रेघ उजेडाकडे धरून पाहावी; ती रेघ म्हणजे कस. (शेत ‘कसणे’ मी या कुळात धरत नाही, ते ‘कृष्’कडे जाते, आणि ध्वनी जुळतो म्हणून दोन्ही एकाच पंक्तीत बसवणाऱ्यांशी माझे पटत नाही.) म्हणजे जिच्यापुढे उंच इमारतीचे कार्ड ठेवले गेले, ती मुलगी ज्या कसोटीला बसली आहे ती, परीक्षक ज्यांवर गुण देतात ते निकष, आणि ज्या इमारतीचे वर्णन करायचे ती अभ्रंकष, ही सगळी एकाच धातूची लेकरे आहेत. इतका नेटका योग मला दुसऱ्या कोणत्याही शब्दकुळात आढळलेला नाही.

अभ्रंकष शब्द जड आहे, तो मराठीला झेपणार नाही, अशी हरकत नेहमी घेतली जाते. ‘अभ्र’ आपल्याला परका नाही. ‘आभाळ’ हा त्याचाच नातलग आहे, आणि ढगाचा जुना अर्थ त्याने अजून सोडलेला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आई गच्चीवरचे पापड गोळा करताना ‘आभाळ आलंय’ म्हणते, तेव्हा ती आकाश आल्याचे सांगत नसते, ढग आल्याचे सांगत असते. ज्या भाषेत हे वाक्य सहज बोलले जाते, तिला अभ्रंकष अवघड वाटू नये.

विद्यार्थिनीला वर्णनासाठी इमारत सुचवायची राहिली. ती मुंबईची असेल, तर तिने राजाबाई टॉवर घ्यावा. पुनर्विकासात चाळ पाडून उभी राहिलेली कोणतीही इमारत आपण हल्ली ‘टॉवर’ म्हणतो. हा मात्र खऱ्या अर्थाने मनोरा आहे. मुंबईतले व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसा दिला आणि आईचे नाव द्यायला लावले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. बांधकाम 1878 साली पुरे झाले. त्याची उंची 280 फूट आहे, आणि लोअर परळच्या गिरणीच्या जागेवर आज उभ्या असलेल्या वर्ल्ड वन या इमारतीची उंची सुमारे 280 मीटर आहे. दोहोंची तुलना केली, तर दोन मिनिटे सहज भरतील. फक्त फूट आणि मीटर यांत गल्लत करू नये, आणि दोन्हींना ‘टॉल’ म्हणावे.