एकच फोटो आहे, ब्रॅकेटिंग केलं नव्हतं. त्यावरून एचडीआर इफेक्ट आणता येईल का?

येतो. ब्रॅकेटिंग म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या तीन-चार फ्रेम घेणं, आणि त्या जोडून ऊन-सावली दोन्हींतले बारकावे एका फोटोत दाखवणं म्हणजे एचडीआर. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, की मित्र म्हणतो 'एका फोटोतून काढलेलं एचडीआर खोटं', त्या मित्रासाठी हे उत्तर लिहितेय.

सोमवती अमावस्येला जेजुरीत खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, तेव्हा गडाच्या पायऱ्यांवर उभं राहून बघा. कमानीखाली काळा दगड आणि काळोख, पलीकडे भर उन्हात उधळलेला भंडारा. ट्रायपॉडचं सोडा, स्वतःचे दोन पाय टेकायला जागा नसते. आणि समजा लावलाच, तरी तीन फ्रेम होईपर्यंत भंडारा कुठल्या कुठे गेलेला, वर गेलेले हात खाली आलेले. त्या जोडल्या की एकेका माणसाला चार-चार हात फुटतात.

मी एकच फ्रेम घेतली, ऊन सांभाळून, म्हणजे मुद्दाम अंडर, गरजेपेक्षा कमी उजेडाची. भंडाऱ्याच्या पिवळ्यात लाल चॅनल सगळ्यांत आधी फुटतो, म्हणजे उजेड जास्त होऊन त्यातले बारकावे जातात, आणि साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) तेव्हाही सगळं आलबेल असल्याचं सांगतो, म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून ठेवला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कमान निव्वळ काळी. घरी रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) उघडून शॅडो, म्हणजे अंधारे भाग, वर घेतल्या तेव्हा दगडावरचे टाकीचे घाव दिसले, आणि कमानीला टेकून बसलेली एक म्हातारी. तिथे उभी असताना ती मला दिसलीही नव्हती.

तो फोटो क्लबच्या स्पर्धेत दिला. परीक्षक फिल्मच्या जमान्यातले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तीन एक्स्पोजर असतील तर एचडीआर. ही नुसती रंगरंगोटी." बक्षीस तीन फ्रेमच्या एका लेण्याच्या फोटोला गेलं. वाईट नव्हता तो, आकाश तेवढं जांभळं होतं.

तेव्हा वयाचा मान राखून गप्प बसले. पण एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली, पुठ्ठ्याचा तुकडा हलवत चेहरा उजळ करायचा, आकाश गडद करायचं, हे त्यांच्या पिढीतल्या कोणी केलं नाही? तेही एकाच निगेटिव्हवरून! ते कसब, आणि मी स्लायडर हलवला की रंगरंगोटी? फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे १८५०च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर, आकाश दुसऱ्यावर घेऊन एकत्र छापायचा, कारण दोन्ही एकाच निगेटिव्हवर नीट उतरत नसत. त्याचं मला कौतुकच आहे. पण ते दोन वेगळे क्षण होते. तीन फ्रेमच्या फोटोत तीन असतात. माझ्या फोटोत एकच आहे, मग खोटं कोण?

आता तुमचं काम. रॉ असेल तर लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये हायलाइट (उजळ भाग) खाली, शॅडो वर, मग कर्व्हने थोडा काळा रंग परत आणा, नाहीतर सगळं राखाडी दिसतं. फुकटात हवं तर डार्कटेबलमधलं टोन इक्वलायझर यासाठी उत्तम. एका रॉवरून उणे दोन, शून्य, अधिक दोन अशा तीन कॉप्या काढून मर्ज करायला सांगणारे व्हिडिओ बघू नका, तो द्राविडी प्राणायाम आहे. फाइलमध्ये जे नाही ते तीनदा सेव्ह केल्याने येत नाही. क्लॅरिटीला (बारकावे ठसठशीत करणाऱ्या स्लायडरला) हात लावताना डोंगर आणि आकाश यांच्या शिवेवर नजर ठेवा. तिथे पांढरी कड उमटली की मागे या.

आणि हो, आकाश पार पांढरं फुटलं असेल तर यातलं काहीही त्याला परत आणणार नाही. अंधारात मुळात प्रकाशच कमी पोचलेला असतो, त्यामुळे शॅडो फार ताणल्या की दाणे दिसणारच. नॉइज काढावा लागेल. फक्त जेपीईजी (कॅमेऱ्याने आधीच आवळून तयार केलेली फाइल) असेल तर अपेक्षा निम्म्यावर आणा. १४-बिट रॉमध्ये प्रत्येक चॅनलला उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीत २५६. तेवढ्यावर स्नॅपसीड या मोबाइल अ‍ॅपमधलं एचडीआर स्केप हलक्या हाताने लावून थांबा.

मित्राला फोटो आधी दाखवा. किती फ्रेमचा, ते त्याने विचारल्यावर सांगा.