इको नॉर्मल, तरी मायला धाप का लागते?

प्रश्न: ताई, माझी माय 58 वर्षांची, पाळी जाऊन दहा वर्षं झाली, बीपी आहे. आता कापूस वेचून ओटी भरली की धुऱ्यापर्यंत जातानाच धाप लागते अन् रात्री दोन उश्या घेतल्याशिवाय झोप नाही. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग 60 टक्के म्हणजे नॉर्मल, पण रिलॅक्सेशन कमी लिहिलंय. हार्मोनच्या गोळ्या देऊ का?

उत्तर: दादा, त्या रिलॅक्सेशनच्या ओळीतच खरी गोष्ट आहे. हृदय नुसतं दाबत नाही, प्रत्येक ठोक्यानंतर सैल होऊन रक्त भरूनही घेतं. इस्ट्रोजेन हे बायांचं हार्मोन अंगात असतं तोवर रक्तवाहिन्या लवचिक राहतात अन् हृदयाच्या भिंतीत कोलॅजेनचे धागे फार साचत नाहीत, पाळी गेली की हे संरक्षण कमी होतं, त्यात वय अन् बीपी, मग डावा कप्पा जाड अन् ताठर होतो, नीट भरत नाही, दाब मागे फुफ्फुसावर येतो अन् धाप लागते. म्हणून पंपिंग चांगलं असूनही त्रास खरा असतो, माय नाटक करत नाही. बायांमध्ये हा प्रकार जास्तच दिसतो.

पण हृदयासाठी हार्मोनच्या गोळ्या नको. 2002 मध्ये अमेरिकेतला 16,608 बायांचा मोठा अभ्यास मध्येच थांबवला, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांनी हृदय वाचलं नाही, उलट स्ट्रोक, रक्ताच्या गाठी अन् स्तनाचा कॅन्सर वाढला.

दोन उश्या लागतात म्हणजे वेचणी संपायची वाट पाहू नका, याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या. बीपी, शुगर तपासा, पायावर बोट दाबून खड्डा पडतो का, म्हणजे सूज आहे का, बघा, लोणचं-पापड बंद.