वाचकांचे प्रश्न : हलका लॅपटॉप आणि एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टीम

प्रश्न : मी सॉफ्टवेअर चाचणीचे काम करते. अहवाल आणि पत्रव्यवहारासाठी विंडोज ११, चाचण्यांसाठी लिनक्सची दोन वेगवेगळी वितरणे आणि अधूनमधून जुन्या विंडोजची एखादी प्रत, हे सारे मला एकाच यंत्रावर हवे आहे. लॅपटॉप दिवसभर खांद्यावर असतो, त्यामुळे तो सव्वा किलोच्या आत असावा अशी इच्छा आहे. मी निवडलेल्या तीन मॉडेलांपैकी एकात ८ जीबी आणि दुसऱ्यात १६ जीबी रॅम आहे, तर तिसऱ्यात एआरएम प्रोसेसर असून त्याची बॅटरी सर्वांत जास्त टिकते. वजन, रॅम आणि बॅटरी यांपैकी कशाला झुकते माप द्यावे?

उत्तर : रॅमला. आणि आपण कळवलेल्या तिन्ही मॉडेलांपैकी एकही घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

एका यंत्रावर अनेक सिस्टीम चालवण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. ड्युअल बूटमध्ये प्रत्येक सिस्टीमला डिस्कचा वेगळा भाग मिळतो आणि लॅपटॉप सुरू करताना त्यांपैकी एक निवडावी लागते; ती चालू असेपर्यंत सगळी रॅम आणि सगळा प्रोसेसर तिचाच असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र मुख्य सिस्टीम चालू असतानाच तिच्यातल्या एका खिडकीत दुसरी सिस्टीम चालते आणि दोघींना उपलब्ध रॅम वाटून घ्यावी लागते. आपल्याला लिनक्सवर चाचणी घेऊन तिचा निकाल लगेच विंडोजमधल्या अहवालात उतरवायचा आहे. त्यासाठी दर वेळी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करणे दोन दिवसांतच नकोसे होईल. म्हणून आपल्या कामाला व्हर्च्युअल मशीनच योग्य, आणि पुढचे सर्व निर्णय त्यावरूनच ठरतात.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी रॅमची अट घातली आहे, परंतु ब्राउझर, मेल आणि एखादा दस्तऐवज उघडला की प्रत्यक्ष वापर त्याच्या बराच पुढे जातो. डेस्कटॉपसह चालणाऱ्या लिनक्सच्या एका व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी दिल्याशिवाय त्यात मोकळेपणाने काम होत नाही. हा हिशेब मांडला की ८ जीबीचे मॉडेल तिथेच बाद होते. १६ जीबीमध्ये मुख्य सिस्टीम आणि एक व्हर्च्युअल मशीन सुखाने चालते. दुसरे सुरू केले की ओढाताण जाणवू लागते. लिनक्सची दोन्ही वितरणे एकाच वेळी उघडी ठेवायची असतील, तर ३२ जीबी रॅमच घ्यावी.

हा आग्रह धरण्याचे कारण हलक्या लॅपटॉपच्या बांधणीत आहे. जाडी आणि वीजवापर कमी राखण्यासाठी अशा बहुतेक यंत्रांत एलपीडीडीआर प्रकारची रॅम वापरतात आणि ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. इंटेलच्या २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असून ती १६ किंवा ३२ जीबी एवढीच मिळते. अशा यंत्रात रॅम नंतर वाढवता येत नाही. एसएसडीचे तसे नसते. ती बहुधा एम.२ खाचेत बसवलेली असते आणि पुढे मोठ्या क्षमतेची घालता येते. फक्त खाच २२८० मापाची आहे की २२४२ किंवा २२३० अशा आखूड मापाची, हे आधी पाहून ठेवावे, कारण या आकड्यांतले शेवटचे दोन अंक कार्डाची मिलिमीटरमधली लांबी दाखवतात आणि लांब कार्ड आखूड जागेत बसत नाही. तेव्हा काटकसर करायचीच असेल तर ती एसएसडीत करावी, रॅममध्ये करू नये. अर्थात प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची फाइल आणि तिचे स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणीच्या स्थितीच्या साठवलेल्या प्रती) मिळून बरीच जागा खातात, त्यामुळे ५१२ जीबी ही सुरुवात समजावी आणि शक्य असल्यास १ टीबी घ्यावी.

आता एआरएमविषयी. एआरएम आणि एक्स८६ या प्रोसेसरांच्या दोन वेगळ्या जाती आहेत; इंटेल आणि एएमडीचे लॅपटॉपांतले प्रोसेसर एक्स८६ जातीचे असतात. व्हर्च्युअल मशीनमधली सिस्टीम मूळ प्रोसेसरच्याच सूचनासंचावर चालते, आणि तिचा वेग टिकतो तो त्यामुळेच. एआरएम यंत्रावर एआरएमसाठी बनवलेले लिनक्स उत्तम चालेल. परंतु आपल्याला हवी असलेली जुनी विंडोज एक्स८६ प्रोसेसरसाठी लिहिलेली आहे आणि तिथे तिची प्रत्येक सूचना भाषांतरित करून चालवावी लागेल. हे अशक्य नाही, पण त्या वेगात चाचणीचे काम होऊ शकत नाही. आपले ग्राहक एक्स८६ संगणक वापरत असतील, तर चाचणीही त्याच जातीच्या प्रोसेसरवर व्हायला हवी, हा आणखी एक मुद्दा. बॅटरी कितीही टिकत असली तरी आपल्या कामासाठी हे मॉडेल वगळावे.

इंटेल आणि एएमडी यांच्यात मी कोणाचीच बाजू घेणार नाही, मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. नुकत्याच उल्लेखलेल्या २००व्ही मालिकेत आठ कोअर आहेत आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरकडून एकाच वेळी दोन कामे, म्हणजे दोन थ्रेड, चालवून घेण्याची सोय) नाही, म्हणजे एकूण आठच थ्रेड. उलट एएमडीच्या पातळ लॅपटॉपांतल्या आठ कोअरच्या अनेक रायझन प्रोसेसरांत सोळा थ्रेड मिळतात. पहिल्यात वीजबचत मोठी आहे. दोन-तीन व्हर्च्युअल मशीन सतत राबवायची असतील तर दुसरा अधिक सोयीचा ठरतो. पंखा नसलेला लॅपटॉप शांत आणि मोहक असला तरी घेऊ नये. दोन सिस्टीमचा भार सलग काही मिनिटे पडला की तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी तो स्वतःचा वेग कमी करतो.

व्हर्च्युअलायझेशनसाठी लागणारी इंटेलची व्हीटी-एक्स आणि एएमडीची एएमडी-व्ही ही सोय २००५-०६ पासून प्रोसेसरांत येऊ लागली आणि आजच्या सर्व नव्या लॅपटॉपांत ती असते. क्वचित ती बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली आढळते, तेवढी चालू करून घ्यावी. विंडोजची कोणती आवृत्ती मिळते तेही पाहावे, कारण हायपर-व्ही ही व्हर्च्युअल मशीन चालवण्याची मायक्रोसॉफ्टची स्वतःची व्यवस्था होम आवृत्तीत मिळत नाही, प्रोमध्ये मिळते. लिनक्सचे काम केवळ टर्मिनलपुरते असेल, तर डब्ल्यूएसएल २ ही विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय होम आवृत्तीतही चालते आणि रॅमही कमी घेते. व्हर्च्युअल मशीनसाठी आपण व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम वापरणार असाल, तर मशीन चालू असताना खिडकीच्या खालच्या पट्टीत कासवाचे छोटे चित्र दिसते का, याकडे लक्ष ठेवावे. ते दिसले, तर व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोजच्या हायपर-व्हीने आधीच ताब्यात घेतलेली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यावरून जावे लागत आहे. मशीन संथ चालण्याचे कारण तेव्हा लॅपटॉपच्या क्षमतेत नसून तिथे असते. विंडोज सिक्युरिटीमधल्या मेमरी इंटिग्रिटी या पर्यायामुळेही हे घडते. तो बंद केल्यास संरक्षणाचा एक थर कमी होतो, म्हणून विचार करूनच बंद करावा.

राहिले वजन. चौदा इंची पडद्याचे १.३ किलोचे ३२ जीबी रॅम असलेले यंत्र आणि एक किलोचे १६ जीबीचे यंत्र यांत निवड करायची झाल्यास आपल्यासाठी मी निःशंकपणे पहिले सुचवेन. वजनाची तुलना करताना चार्जरही तराजूत घालावा. यूएसबी-सी चार्जिंग असलेला लॅपटॉप घेतला, तर पुरेशा वॅटचा एकच लहान चार्जर फोनलाही चालतो आणि पिशवीतले ओझे तिथे कमी होते. रॅम नंतर वाढवण्याची मुभा हवीच असेल, तर फ्रेमवर्क १३ सारखी खाचेतली रॅम असलेली हलकी यंत्रेही आहेत, पण ती मोजकीच.

जुन्या विंडोजविषयी एक सूचना. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा अशी प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये नेटवर्क तोडून ठेवावी आणि चाचणीपूर्वीचा स्नॅपशॉट जपावा. लॅपटॉपबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्रापुरता असतो. व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला स्वतंत्र परवाना लागतो, हा खर्चही आधीच धरावा.

प्रश्न : मी विद्यार्थी असून मला ड्युअल बूटच करायचे आहे, कारण लिनक्सवर ग्राफिक्सचे काम पूर्ण वेगाने हवे आहे. नवा हलका लॅपटॉप घेतला. पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला त्यातली एसएसडीच दिसत नाही. बायोसमध्ये बदल करायला गेलो, तर विंडोजने ४८ अंकी की मागितली. घाबरून सर्व पूर्ववत केले. लॅपटॉप निवडण्यात माझी चूक झाली का?

उत्तर : निवड चुकलेली नाही, पायऱ्यांचा क्रम चुकला आहे, आणि पूर्ववत करून थांबलात हे फार चांगले केलेत.

४८ अंकी की ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, पुनर्प्राप्ती की होय. हल्लीच्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि की त्या खात्यात साठवली जाते. बायोसमध्ये किंवा बूटच्या व्यवस्थेत बदल झाला की विंडोजला शंका येते आणि ती की मागते. म्हणून सर्वप्रथम ती की खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवावी. त्यानंतर महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि बदल करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे.

एसएसडी न दिसण्याचे कारण बहुधा इंटेलची व्हीएमडी किंवा आरएसटी ही साठवण व्यवस्था आहे. ती चालू असेल, तर काही इन्स्टॉलरना ड्राइव्ह सापडत नाही. बायोसमध्ये ती थेट बंद केली की विंडोज निळा पडदा दाखवून अडते, कारण एएचसीआय किंवा साध्या एनव्हीएमई पद्धतीसाठी लागणारा ड्रायव्हर सुरुवातीलाच घ्यायचा हे तिला ठाऊक नसते. यावरचा उपाय असा की विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांनिशी) सुरू होण्यास सांगावे, मग बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावे आणि मगच नेहमीच्या पद्धतीवर परतावे. विंडोजचे पार्टिशन लहान करण्याचे काम विंडोजमधल्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावे, लिनक्सच्या इन्स्टॉलरवर सोपवू नये.

बसवल्यानंतर दोन गोष्टी खटकतील. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन केल्यावरही ती पूर्णपणे बंद झालेली नसते आणि तिच्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहिता येत नाही. तो पर्याय बंद करावा. दुसरे म्हणजे घड्याळ. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, तर लिनक्स त्याला जागतिक प्रमाणवेळ मानते, त्यामुळे एकीतून दुसरीत गेल्यावर वेळ काही तासांनी सरकलेली दिसते. दोहोंपैकी एकीला दुसरीची रीत लावून दिली की प्रश्न सुटतो.

सिक्युअर बूट, म्हणजे केवळ स्वाक्षरी असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय, बंद करण्याचा सल्ला आपल्याला अनेक ठिकाणी मिळेल. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्स वितरणांचे बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारे प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीने येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी सहसा याची गरज नसते. काही यंत्रांत मात्र त्रयस्थांच्या प्रमाणपत्रांना परवानगी देणारा पर्याय बायोसमध्ये चालू करावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर अनेक ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते. म्हणून लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून लिनक्स डिस्कवर न बसवताच चालते तो, नेहमी तयार ठेवावा.

तोच पेनड्राइव्ह खरे तर खरेदीपूर्वीच कामाला येतो. ड्युअल बूट करणाऱ्याने वायफाय, आवाज, कॅमेरा, बोटाच्या ठशाचा वाचक आणि विशेषतः झाकण मिटल्यावर लॅपटॉप खरोखर झोपतो का, हे लाइव्ह लिनक्सवर तपासावे. नव्या पातळ इंटेल यंत्रांतले काही कॅमेरे लिनक्सवर त्रास देतात, आणि झोपेतही बॅटरी उतरत राहण्याची तक्रार सर्रास आढळते. कॅनॉनिकल ही उबुंटूमागची कंपनी तपासून प्रमाणित केलेल्या लॅपटॉपांची यादी प्रसिद्ध करते. ज्यांनी अजून खरेदी केलेली नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांना ही काळजी जवळजवळ नसते, कारण आतल्या सिस्टीमला खरे हार्डवेअर दिसतच नाही.

प्रश्न : मला मॅकओएस, विंडोज आणि लिनक्स तिन्ही हव्यात. हलका मॅकबुक एअर घेतला तर काम होईल का?

उत्तर : मॅकओएसचा परवाना केवळ ॲपलच्या यंत्रांसाठी असल्याने तिन्ही हव्या असल्यास मॅकला पर्याय नाही. मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आल्यापासून मॅक एआरएमवर गेले आणि त्यांच्यावर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज ड्युअल बूट करण्याची ॲपलची सोय, चालत नाही. विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती पॅरलल्स या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्रॅममध्ये चालते आणि फेब्रुवारी २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने त्या मार्गाला मान्यता दिली आहे. विंडोजवरचे साधे एक्स८६ प्रोग्रॅम तिच्यात भाषांतरित होऊन चालतात. स्वतःचा ड्रायव्हर लागणारी उपकरणे आणि काही खेळ अडतात. एआरएम लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये उत्तम चालते. ते थेट डिस्कवर बसवायचे असेल, तर ‘असाही लिनक्स’ या ॲपलच्या एआरएम मॅकसाठीच्या लिनक्स प्रकल्पाचा आधार मुख्यतः एम१ आणि एम२ पिढीसाठी आहे, म्हणून त्या हेतूने नवा मॅक घेऊ नये. मॅकचीही रॅम नंतर वाढत नाही, तेव्हा तिन्ही सिस्टीम एकत्र उघडायच्या असतील तर २४ जीबीच्या खाली जाऊ नये. आणि आपल्याला ज्या विंडोज प्रोग्रॅमसाठी विंडोज हवी आहे, त्याच्या निर्मात्याने एआरएम विंडोजविषयी काय लिहिले आहे, ते खरेदीच्या आधी वाचून घ्यावे.