सर्व्हरचीही कलमे बांधावी लागतात

दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार लिहितात : मुलगा नाशिकला संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर्व्हरच्या इमेज (म्हणजे सर्व्हर जसाच्या तसा पुन्हा उभा करता येईल अशा प्रती) आपोआप तयार करणारे ‘पॅकर’ हे सॉफ्टवेअर शिकण्यासाठी त्याला क्लास लावायचा आहे. हे काम नेमके काय असते आणि त्यावर पैसे घालावेत का?

सप्रेम नमस्कार.

आपण डॉगरीज या जातीच्या द्राक्षखुंटावर पारखून निवडलेल्या वेलाचीच काडी बांधता, कारण बियांपासून वाढवलेला वेल मूळ वेलासारखे फळ देईल याची खात्री नसते. हाताने उभारलेल्या सर्व्हरचेही तसेच असते. दहा सर्व्हर निरनिराळ्या माणसांनी उभे केले, की कुठे एखादे अपडेट राहते, कुठे वेगळी आवृत्ती बसते, आणि पुढे त्यांतला एकच का बंद पडला हे शोधण्यात रात्र जाते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम, लागणारी सॉफ्टवेअर आणि सुरक्षेची सेटिंग यांसह एकच इमेज तयार करून सगळे सर्व्हर तिच्यावरून सुरू करतात. २०१३ मध्ये आलेले पॅकर हे काम एका फायलीत लिहिलेल्या सूचनांनुसार करते. ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, ते तात्पुरता सर्व्हर सुरू करते, त्यावर स्क्रिप्ट (ओळीने लिहिलेल्या कमांड) चालवते, त्याची इमेज काढते आणि तो सर्व्हर काढून टाकते.

काडीच रोगट असेल तर काय होते, हे आपल्याला मी सांगायला नको. इमेजमध्ये चुकून पासवर्ड राहिला, तर तिच्यावरून सुरू झालेल्या प्रत्येक सर्व्हरवर तो पोहोचतो. इमेजमध्ये काय गेले आहे हे ओळखण्याची नजर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हाताने काम करूनच येते, आणि माझ्या मते नोकरीतही तिलाच किंमत आहे. नुसत्या इमेज करण्यासाठी सहसा कुणी वेगळा माणूस नेमत नाही, ते क्लाउड किंवा डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर तयार करणे आणि चालवणे यांची सांगड घालणाऱ्या) अभियंत्याच्या कामातच येते.

त्यामुळे केवळ पॅकरसाठी फी भरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पॅकर विनामूल्य उतरवून घेता येते आणि संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या मदतीने स्वतःच्या लॅपटॉपवरही इमेज तयार करता येते. मुलाने आधी उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर हाताने बसवावे, प्रत्येक कमांड वहीत लिहावी, त्या सगळ्यांची स्क्रिप्ट करावी आणि मगच पॅकरकडे वळावे. क्लाउडवर सराव करताना जुन्या इमेज आणि त्यांचे स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) आठवणीने पुसावेत, कारण साठवणुकीचे बिल चालूच राहते.

महिनाभराने त्याच्याजवळ बसा आणि तयार केलेला सर्व्हर पुसून फक्त पॅकरच्या फायलीवरून पुन्हा उभा करायला सांगा. सर्व्हर न अडखळता उभा राहिला, तर क्लाससाठी ठेवलेल्या पैशांतून त्याच्या लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून द्या.