शेजारीण हसते, मग तक्रार कोण करते?

प्रिय भगिनी,

जपानमधल्या कावासाकीहून आलेले तुमचे पत्र मिळाले. पतीच्या नोकरीमुळे तुम्ही तिथे गेलात त्याला अजून वर्षही झालेले नाही, आणि एवढ्यात टपालपेटीत दोन चिठ्ठ्या आल्या: एक स्वयंपाकाच्या वासाबद्दल, दुसरी सकाळच्या मिक्सरच्या आणि चार वर्षांच्या मुलीच्या धावण्याच्या आवाजाबद्दल. त्यात भर म्हणजे कचऱ्याची पिशवी स्टिकर चिकटवून जागच्या जागी सोडून दिलेली. शेजारच्या आजी रोज वाकून, हसून नमस्कार करतात, पण तक्रार त्यांचीच असावी असा तुम्हाला संशय आहे. पती टोकियोतल्या निशी-कासाईला घर पाहू म्हणतात, आणि तुम्हाला तर पुण्याला परतावेसे वाटते आहे.

प्रथम तो संशय सोडून द्या. जपानी इमारतीत शेजाऱ्याचे दार वाजवून तक्रार करण्याची पद्धत फारशी नाही. लोक इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला कळवतात आणि कंपनी बहुधा कोणाचेही नाव न घेता सगळ्यांच्याच पेटीत सूचना टाकते, म्हणजे दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर कोणालाच मान खाली घालावी लागत नाही. आपल्याकडे दोन शब्द तोंडावर बोलून मोकळे होण्याची सवय असल्याने ही रीत आतल्या गाठीची वाटते, हे मी समजू शकते. तरीही चिठ्ठी आजींचीच असली, तर त्यामुळे त्यांचे हसणे खोटे ठरत नाही.

कचऱ्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. वर्गीकरण चुकले किंवा वार चुकला की पिशवी उचलत नाहीत, मग ती जपानी माणसाची असो वा तुमची. वॉर्ड कार्यालयातून इंग्रजी पत्रक आणा आणि ते फ्रिजवर लावा.

वासाचे मात्र बारकाईने पाहायला हवे. ओट्यावरचा पंखा सुरू करून बाहेर जा आणि त्याचे तोंड कुठे उघडते ते पाहा. अनेक इमारतींत ते सामाईक मार्गिकेत किंवा बाल्कनीच्या बाजूला असते, आणि सकाळच्या उन्हात शेजाऱ्यांच्या कठड्यावर गाद्या आणि कपडे वाळत असतात. हिंग-मोहरीची फोडणी त्या गादीत शिरली, तर रात्री तिच्यावर झोपणाऱ्याला त्रास होणारच. त्यात तुमच्या देशाबद्दलचा द्वेष शोधू नका. स्वयंपाक बंद करण्याची मुळीच गरज नाही. फोडणी गाद्या आत गेल्यावर द्या, झाकण ठेवा, पंख्याची तेलकट जाळी वरचेवर धुवा. मिक्सरखाली जाड रबरी चटई घाला, वाटण सकाळी लवकर करू नका, आणि मुलीच्या खेळण्याच्या जागेत फोमचे चौकोन अंथरा.

हे सारे केल्यावर या रविवारी दुपारी तिघेही शेजाऱ्यांकडे जा. नव्या घरी आल्यावर दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांना छोटीशी भेट देऊन ओळख करून देण्याची तिथे जुनी रीत आहे. शहरांत ती कमी होत असली, तरी लहान मूल असलेल्या घराने ती पाळली तर लोकांना बरे वाटते. उशीर झाला म्हणून संकोच करू नका. पाचशे ते हजार येनांचा बिस्किटांचा डबा पुरे. महाग वस्तू दिली तर परतफेडीचे ओझे त्यांच्यावर पडते, आणि तिखट चिवडा पहिल्याच भेटीत नको. दारातच उभे राहून नाव सांगा, मूल लहान आहे, आवाजाचा त्रास होत असेल तर क्षमा करा, एवढे म्हणा आणि निघा. चिठ्ठीचा विषय काढू नका.

निशी-कासाईत भारतीय वस्ती मोठी आहे, किराणा सहज मिळतो, आणि ज्या एदोगावा वॉर्डात ते येते तिथून २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक वॉर्ड सभेवर निवडूनही आले. कामाच्या किंवा मुलीच्या शाळेच्या सोयीसाठी जायचे असेल तर जरूर जा. परंतु कचऱ्याचे वार आणि पातळ भिंती तिथेही असतील.

याचा अर्थ सगळे निमूट सोसावे, असा नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते. उद्या तुम्हाला असा नकार मिळाला किंवा मुलीला कोणी तिच्या रंगावरून बोलले, तर गप्प बसू नका. त्याच मंत्रालयाची मानवी हक्क सल्लासेवा परदेशी भाषांतही फोनवर मिळते. अशा अन्यायात आणि मिक्सरच्या तक्रारीत फरक करा, एवढेच माझे म्हणणे आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे की आठवडाभर घराबाहेरच्या कोणाशी एक वाक्यही बोलणे होत नाही. मला चिठ्ठ्यांपेक्षा याची अधिक काळजी वाटते. मोतोसुमियोशी स्थानकाजवळच्या कावासाकी आंतरराष्ट्रीय केंद्रात जपानीच्या वर्गांची चौकशी करा. शिवाय १९२३ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबरच्या सुमारास गावोगावी आपत्तीचे सराव होतात. तुमच्या मोहल्ल्याचा सराव कधी आहे ते ओळख करून द्यायला जाल तेव्हा आजींनाच विचारा, आणि मुलीला घेऊन जा. भूकंपानंतर दार अडकले तर बचाव पथकाच्या आधी शेजारीच पोहोचतात, आणि तिसऱ्या मजल्यावर एक लहान मुलगी राहते हे त्यांना ठाऊक असायला हवे.